गोळीबार चालू असताना बोलावे काय?

‘शेकेत, योरीम!’ गप्प, गोळीबार चालू आहे! हे दोन हिब्रू शब्द या देशात येऊन वसलेल्या प्रत्येकाच्या कानी केव्हा ना केव्हा पडतातच. शब्द मूळचे नेमबाजीच्या मैदानावरचे, आणि तिथे ते शहाणपणाचेच आहेत. परंतु पुढे ते मैदानाबाहेर आले, घरात शिरले, बाजारात शिरले, सिनेगॉगच्या आवारात शिरले. तेफिला आटोपून चार माणसे बाहेर उभी राहिली आणि त्यांतल्या एकाने लढाईविषयी शंका काढली, की दुसरा लगेच म्हणतो, ‘अहो, आपली पोरे तिकडे आहेत, आता बोलू नका.’ लढाई संपल्यावर बोलावे तर तो म्हणतो, ‘आता झाले ते झाले, कशाला उकरता?’ मग बोलायचे तरी केव्हा?

हा प्रश्न आम्हांस फार दिवस छळतो आहे आणि तो केवळ राजकारणाचा आहे असे आम्ही मानीत नाही. अमुक पक्ष बरा की तमुक, याची चर्चा वाचकांनी आपापल्या घरी करावी. आमचा प्रश्न साधा आहे. आपले सैन्य सीमा ओलांडून दुसऱ्याच्या मुलखात जाते, आणि तिथे ज्यांच्या हाती शस्त्र नाही अशी म्हातारी माणसे, बायका, लेकरे मरतात. तेव्हा घरी बसलेल्या आपल्यावर त्याचा काही भार येतो की नाही? आणि येत असेल, तर विरोधाचा शब्द काढणे हा देशाशी द्रोह, की देशाचे देणे?

यासाठी आम्ही उदाहरण घेतो ते १९८२ च्या लेबनान युद्धाचे. त्याला आता चाळीस वर्षे उलटून गेली. त्या वेळी मिलुईमला बोलावलेले तरुण आज आजोबा झाले आहेत. चौकशीचा अहवाल छापून सर्वांसमोर आहे. २००६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये आपले सैन्य त्याच डोंगरांत उतरले, आणि ७ ऑक्टोबर २०२३ च्या कत्तलीनंतर गाझात जे युद्ध झाले त्याने हा प्रश्न पुन्हा प्रत्येक घरात आणून ठेवला. परंतु ताजी जखम चाचपताना माणूस नीट विचार करीत नाही, ओरडतो. म्हणून जुन्या जखमेपासून सुरुवात केलेली बरी.

प्रथम जे न्याय्य आहे ते सांगितले पाहिजे. गालिलमधील लोक सुखाने राहत होते आणि कोणी उगाच लढाई काढली, असे मुळीच नव्हते. मे १९७० मध्ये अवीवीमच्या शाळेच्या बसवर लेबनानच्या बाजूने हल्ला झाला, बारा जण मेले, त्यांतली नऊ मुले होती. एप्रिल १९७४ मध्ये किर्यात श्मोना येथे इमारतीत शिरून अठरा जणांना मारले. पुढच्याच महिन्यात मालोतच्या शाळेत ओलीस धरलेली वीसहून अधिक मुले गेली. मार्च १९७८ मध्ये किनाऱ्याच्या रस्त्यावर बस पळवून अडतीस माणसे मारली. उत्तरेकडच्या गावांत लहान मुलांना मिक्लातमध्ये झोपायची सवय लागली होती. हे ज्याने सोसले नाही त्याने त्यांना शांतीचे धडे देऊ नयेत. तिथल्या आईने ‘एकदाचे हे थांबवा’ म्हटले, तर तिला युद्धखोर म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही.

३ जून १९८२ रोजी लंडनमध्ये आपले राजदूत श्लोमो आर्गोव्ह यांच्यावर गोळी झाडली गेली. झाडणारे अबू निदालच्या टोळीचे, म्हणजे अराफत यांच्या संघटनेचे वैरीच होते. तरीही ६ जूनला रणगाडे उत्तरेस निघाले. मोहिमेला नाव दिले ‘शलोम हगालिल’, गालिलची शांती. लोकांना सांगितले गेले की चाळीस किलोमीटरपर्यंत जायचे, तोफा मागे रेटायच्या, आणि परतायचे. चाळीस किलोमीटर! ठाण्याहून कल्याणला जाऊन परतावे तशी ही गोष्ट वाटली. काही दिवसांतच सैन्य बैरूतच्या वेशीवर होते, आणि दक्षिण लेबनानातून आपला शेवटचा शिपाई परतला तो २४ मे २००० रोजी. अठरा वर्षे लागली.

इथे आपल्या धर्मशास्त्राचा एक भेद ध्यानात घ्यावा. आपल्या पूर्वजांनी सगळी युद्धे एका मापाने मोजली नाहीत. एक ‘मिल्हेमेत मित्स्वा’, कर्तव्याचे युद्ध; शत्रू अंगावर आला असता इस्राएलला वाचवण्यासाठी लढावे लागते ते. त्यात नवरा मुलगा आपल्या खोलीतून आणि नवरी मांडवातून उठून जाते. दुसरे ‘मिल्हेमेत रशुत’, म्हणजे मर्जीचे युद्ध. राजाला ते करता येते, पण एकट्याच्या हुकमाने नव्हे. एकाहत्तर जणांच्या न्यायसभेची संमती लागते असे मिश्ना सांगते. राजा दावीद का असेना, सीमेपलीकडे लोकांची पोरे न्यायची तर एकाहत्तर वडीलधाऱ्यांनी बसून होकार दिला पाहिजे. यामागे केवढे भय आहे पाहा! राजा शूर असतो, त्याचा सेनापती हुशार असतो, आणि हुशार सेनापती चाळीस किलोमीटर म्हणून शंभर नेऊ शकतो, हे त्या म्हाताऱ्यांना ठाऊक होते.

पंतप्रधान मेनाखेम बेगिन हे शब्द तोलून वापरणारे गृहस्थ होते. ऑगस्ट १९८२ मध्ये राष्ट्रीय संरक्षण महाविद्यालयापुढील भाषणात त्यांनी स्वतःच हा भेद मांडला आणि कबूल केले की हे युद्ध ‘पर्याय नव्हता’ अशा जातीचे नाही. १९५६ व १९६७ प्रमाणे ते निवड करून केलेले आहे. त्यांचे म्हणणे असे, की पर्याय उरत नाही तोवर थांबलो तर किंमत भयंकर पडते, १९७३ मध्ये पडली तशी. हा युक्तिवाद हलका नाही. पण त्यातूनच एक गोष्ट निघते. जे युद्ध आपण निवडले त्यातील प्रत्येक मृत्यूही काही अंशी आपल्या निवडीत येतो. पुरात वाहून गेलेल्याचा दोष कोणावर नसतो. बांध फोडल्यावर वाहून गेलेल्याविषयी मात्र बांध फोडणाऱ्याला विचारतात, मग त्याचे कारण कितीही चांगले असो.

तोरात, देवारीमच्या विसाव्या अध्यायात, लढाईला निघण्यापूर्वी सैन्यासमोर करायची एक घोषणा आहे. ज्याने नवे घर बांधले, ज्याने द्राक्षमळा लावला, ज्याची सोयरीक झाली पण लग्न लागले नाही, त्याने परत जावे. शेवटी, ज्याचे मन भ्याले असेल त्यानेही जावे. भित्र्याला परत पाठवायचे हे समजते. परंतु तोसेफ्तात रब्बी अकिवा यांचे स्पष्टीकरण नोंदले आहे ते थक्क करणारे आहे. ते म्हणतात, इथे भ्यालेला म्हणजे केवळ घाबरट नव्हे. शूरांतला शूर आणि बळकटांतला बळकट असा जो गडी आहे, पण जो ‘रहमान’ आहे, ज्याचे मन दयेने भरलेले आहे, तोही परत जाऊ शकतो. दया ही सैन्यातून सुट्टी मिळण्याचे कारण! आणि ती सांगताना त्या माणसाला लाज वाटायची गरज नाही, कारण भित्रा कोण, दयाळू कोण आणि द्राक्षमळेवाला कोण, हे रांगेतून बाहेर पडणाऱ्यांत कोणाला ओळखू येणार?

असा एक माणूस १९८२ च्या उन्हाळ्यात निघाला. कर्नल एली गेव्हा हे त्या वेळी सैन्यातले सर्वांत तरुण ब्रिगेड-प्रमुख मानले जात. त्यांची रणगाड्यांची ब्रिगेड बैरूतपर्यंत पुढे राहून लढली होती. त्यांच्या शौर्याविषयी कोणाला शंका नव्हती. जुलैमध्ये पश्चिम बैरूतमध्ये घुसण्याची तयारी सुरू झाली तेव्हा त्यांनी आपल्याला प्रमुखपदावरून मोकळे करावे अशी विनंती केली. पंतप्रधानांनी बोलावून घेतले. गेव्हांनी सांगितले की दुर्बिणीतून पाहतो तेव्हा मला त्या शहरात मुले दिसतात. बेगिननी विचारले, मुलांना मारण्याचा हुकूम तुम्हांला मिळाला आहे काय? उत्तर अर्थातच नाही असे होते. असा हुकूम कोणी देत नसतो. शहरात शिरून लढण्याचा हुकूम देतात, आणि मुले तिथे आधीपासून असतात.

गेव्हांनी आणखी एक मागितले होते, ते मात्र लोक विसरतात. प्रमुख नको, पण साधा रणगाड्यातला शिपाई म्हणून मला माझ्या माणसांबरोबर राहू द्या, असे ते म्हणाले. म्हणजे स्वतःचा जीव वाचवणे हा हेतू नव्हता; दुसऱ्यांना मरायला आणि मारायला पाठवणारी सही आपल्या हातची नको, एवढेच. ती विनंती नाकारली गेली आणि त्यांना सैन्यातून दूर केले. आपल्यापैकी अनेक जण आजही म्हणतात की सेनापतीने असे करू नये, लढाईत प्रत्येकजण दुर्बिणीतून पाहून ठरवू लागला तर सैन्य राहणार नाही. आम्हांस हे पटते, आणि तरीही गेव्हांविषयी मनात आदर वाटतो. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. सैन्याला शिस्त हवी आणि देशाला अधूनमधून असा माणूसही हवा, ज्याच्यामुळे इतरांना थांबून विचार करावा लागतो. पश्चिम बैरूतवर मोठी चढाई त्या वेळी झाली नाही. ती का टळली याची कारणे अनेक, पण त्यांत हा एक आवाजही होता.

वेढा मात्र चालला. जून ते ऑगस्ट. मध्यंतरी पाणी व वीज तोडली गेली. रांबाम यांनी राजांविषयीच्या नियमांत लिहिले आहे की शहराला वेढा घालताना तीनच बाजू अडवाव्या, चौथी मोकळी सोडावी, म्हणजे ज्याला जीव घेऊन जायचे त्याला जाता येईल. त्या वेळचे मुख्य रब्बी श्लोमो गोरेन हे पूर्वी सैन्याचे मुख्य रब्बी होते, त्यांना कोणी नेभळट म्हणणार नाही. त्यांनी हा नियम बैरूतलाही लागू आहे असे मत दिले. दुसऱ्या विद्वानांनी विरुद्ध मत दिले. आपल्या सैन्याने पत्रके टाकून नागरिकांना निघून जाण्यास सांगितले आणि पुष्कळ लोक गेलेही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण गरीब, आजारी आणि म्हातारा माणूस कोठे जातो? युद्धात ‘निघून जा’ हे वाक्य नेहमी ज्याच्याकडे गाडी आहे त्यालाच ऐकू येते.

लेबनानच्या ‘अन्-नहार’ वृत्तपत्राने त्या उन्हाळ्यातील मृतांचा आकडा सतरा हजारांहून अधिक दिला होता. त्यात लढणारे किती आणि बिनशस्त्र किती याबद्दल वाद आहे, आपल्या सरकारने तो आकडा मान्य केला नाही. पण वाद कमी करीत करीत कितीही खाली आणला, तरी तो इतका खाली येत नाही की रात्री झोप लागावी.

बैरूतच्या वादी अबू जमील या यहुदी वस्तीत ‘मागेन अब्राहाम’ नावाचे सुंदर सिनेगॉग आहे. १९८२ मध्ये आपल्याच तोफांच्या माऱ्यात त्याचे छप्पर फुटले. अहमदाबादच्या आपल्या सिनेगॉगचे नावही तेच. आम्ही हे सिनेगॉगसाठी रडावे म्हणून सांगत नाही. छप्पर पुढे नवे घातले गेले. सांगण्याचे कारण हे की तोफगोळ्याला खाली कोण आहे ते वाचता येत नाही. अब्राहामाची ढाल हे नाव दारावर कोरलेले असून तिथे त्याची अडचण झाली नाही, तर शेजारच्या घरातील अली आणि जॉर्ज यांची काय होणार?

आता सर्वांत कठीण भाग. १४ सप्टेंबर १९८२ रोजी लेबनानचे नवनिर्वाचित अध्यक्ष बशीर जमायेल बॉम्बस्फोटात मारले गेले. आपले सैन्य पश्चिम बैरूतमध्ये शिरले. १६ तारखेच्या संध्याकाळी ख्रिस्ती फलांजिस्टांना साब्रा व शातिला या निर्वासित छावण्यांत ‘अतिरेकी शोधण्यासाठी’ जाऊ दिले गेले. १८ च्या सकाळपर्यंत ते आत होते. आपल्या सैन्याने बाहेरून वेढा धरला होता आणि रात्री आकाशात प्रकाशगोळे सोडले होते. आत जे झाले ते झाले. मृतांची संख्या आपल्या लष्करी गुप्तवार्ता विभागाने सातशे ते आठशे धरली. इतर अंदाज त्याहून बरेच मोठे आहेत.

१७ सप्टेंबरची ती संध्याकाळ ही नव्याच्या सणाची संध्याकाळ होती. ५७४३ चे वर्ष लागत होते. घराघरांत चिकाचा हलवा झाला होता, आपण एकमेकांना शाना तोवा म्हणत होतो. सकाळीच वार्ताहर झेएव्ह शिफ यांच्या कानी कत्तलीची बातमी आली होती आणि ती त्यांनी एका मंत्र्याला सांगितली. त्या मंत्र्याने परराष्ट्रमंत्र्यांना फोन केला. रात्री रोन बेन-यिशाय या वार्ताहराने संरक्षणमंत्री शारोन यांना फोन केला. बातमी हातोहात फिरत होती, आणि आतले काम चालूच होते. हे सारे चौकशी अहवालात नोंदले आहे.

तेव्हा पुष्कळांनी म्हटले, आणि आजही म्हणतात: ‘मारणारे ते, मेलेले ते, मग दोष यहुद्यांना का?’ तर्क सोपा आहे आणि मनाला गोड लागतो. पण आपली तोरा या तर्कापाशी थांबत नाही. देवारीमच्या एकविसाव्या अध्यायात सांगितले आहे की शेतात प्रेत सापडले आणि मारणारा ठाऊक नसेल, तर प्रेतापासून भोवतालच्या नगरांपर्यंत अंतर मोजावे. जे नगर सर्वांत जवळ, त्याच्या वडिलांनी, जिच्या मानेवर कधी जू ठेवले नाही अशी कालवड घेऊन ओढ्याच्या पडीक खोऱ्यात जावे, तिची मान मोडावी, हात धुवावे आणि जाहीर करावे की हे रक्त आम्ही सांडले नाही. मिश्ना विचारते: नगराच्या वडिलांनी खून केला असे कोणाच्या तरी मनात येईल काय? मग ते हे का बोलतात? उत्तर असे की, हा माणूस आमच्याकडे आला असता आम्ही त्याला अन्नावाचून घालवला नाही, सोबतीवाचून एकटा सोडला नाही, एवढे त्यांना शपथेवर सांगता आले पाहिजे.

म्हणजे प्रश्न ‘सुरी कोणी चालवली’ एवढाच नाही. अंतर मोजा, म्हणते तोरा. सर्वांत जवळ कोण उभे होते? साब्रा-शातिलाच्या बाबतीत हे अंतर मोजायला दोरी लांब लागत नाही.

न्यायमूर्ती यित्झाक काहान, न्यायमूर्ती आहारोन बाराक आणि मेजर-जनरल योना एफ्रात यांच्या आयोगाने फेब्रुवारी १९८३ मध्ये अहवाल दिला. त्यात याच कालवडीच्या विधीचा आधार घेऊन ‘अप्रत्यक्ष जबाबदारी’ हे तत्त्व मांडले आहे. शारोन यांच्यावर व्यक्तिगत जबाबदारी ठेवली. त्यांना संरक्षणखाते सोडावे लागले. (मंत्रिमंडळात ते राहिले आणि २००१ मध्ये पंतप्रधानही झाले. लोकशाहीचा हिशेब असाच असतो, त्याने खतावणी कधी पूर्ण जुळत नाही.) हा आयोग आपोआप नेमला गेला नाही. आधी सरकार नको म्हणत होते. राष्ट्राध्यक्ष यित्झाक नव्होन यांनी चौकशीची मागणी केली. ऊर्जामंत्री यित्झाक बेर्मान यांनी राजीनामा दिला. हार एत्झिओन यशिवाचे प्रमुख रब्बी यहूदा अमिताल, ज्यांचे विद्यार्थी रणांगणावर होते, त्यांनी याला देवाच्या नावाची विटंबना म्हटले. आणि २५ सप्टेंबरला तेल अवीवच्या मलखेई इस्राएल चौकात माणसांचा समुद्र लोटला. आयोजकांनी चार लाख म्हटले. आकडा फुगवलेला असेल. पण चाळीस लाखांच्या देशात त्याच्या निम्मी माणसे आली असे धरले, तरी विचार करा. परक्या छावणीतल्या, परक्या धर्माच्या, कालपर्यंत आपल्याला समुद्रात बुडवू म्हणणाऱ्यांच्या लेकरांसाठी ती माणसे घराबाहेर पडली होती.

आम्हांस विचारले जाते, जगाने हेच दुसऱ्यांना विचारले काय? प्रश्न रास्त आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत सीरियाच्या सरकारने आपल्याच हमा शहरात हजारो माणसे मारली, तेव्हा कोणत्या राजधानीत मोर्चा निघाला? लेबनानी आपसांत १९७५ पासून एकमेकांची गावे जाळत होते. जग आपल्याकडे एका डोळ्याने पाहते हे खरेच आहे. पण जगाचे माप खोटे आहे म्हणून घरातले माप फेकून द्यायचे काय? वाण्याचा तराजू खोटा असला तर आपण घरी येऊन पुन्हा वजन करतो. घरचाही खोटा करून घेत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: शत्रू घरांत, शाळांत, दवाखान्यांजवळ तोफा लावतो, मग निष्पाप मरणारच, दोष त्याचा. होय, लहान मुलांच्या आड लपणाऱ्याचा दोष मोठा आहे आणि तो आम्ही माफ करीत नाही. परंतु त्याचा दोष वाढला म्हणून आपला आपोआप शून्य होत नाही. याकोब एसावला भेटायला निघाला तेव्हा तो फार भ्याला आणि कष्टी झाला असे तोरात आहे. दोन शब्द कशाला, एक पुरला असता, असे विचारून राशी सांगतो: आपण मारले जाऊ म्हणून भ्याला, आणि आपल्या हातून दुसरे मारले जातील म्हणून कष्टी झाला. एसाव चारशे माणसे घेऊन येत होता. चूक उघड त्याची होती. तरीही याकोबाच्या मनात दोन्ही शब्दांना जागा होती. ज्याच्या मनात फक्त पहिला शब्द उरतो त्याला आम्ही दोष देणार नाही, मिक्लातमध्ये तेवढाच उरतो. पण मंत्रिमंडळात बसणाऱ्याच्या मनात दोन्ही हवेत, आणि त्याला मत देणाऱ्याच्याही.

बेने इस्राएलांना या बाबतीत काही विशेष ठाऊक असले पाहिजे असे आम्हांस वाटते. आपले पूर्वज कंपनी सरकारच्या मुंबई पलटणींत पिढ्यान् पिढ्या चाकरीला होते. कुलाब्याच्या गावागावांतून सुभेदार, जमादार, सुभेदार-मेजर निघाले. पदके आणि पेन्शनीची कागदे पुष्कळ घरांत जपलेली आहेत, आणि तो अभिमान योग्यच आहे. पण त्या लढाया कोणाच्या होत्या? अफगाणिस्तानच्या खिंडीत किंवा ब्रह्मदेशच्या जंगलात ज्यांच्यावर बंदुका रोखल्या, त्यांनी नौगावच्या तेल्याचे काय घोडे मारले होते? आजोबांना ते कोणी विचारले नाही आणि त्यांनाही विचारता येत नव्हते. ते पगारी शिपाई होते, हुकूम साहेबाचा होता. आज हुकूम आपल्या मताने निवडलेल्या सरकारचा आहे. स्वराज्य आले म्हणजे हेच तर आले. ‘साहेबाला ठाऊक’ असे म्हणून मोकळे होण्याची सोय गेली.

सामाजी हसाजी दिवेकर यांची गोष्ट आपल्या मुलांना सांगतो ती अर्धीच सांगतो. म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या हाती ते सापडले. परंपरा अशी की जात विचारली तेव्हा बेने इस्राएल असे उत्तर मिळाले, आणि सुलतानाच्या आईने या लोकांचा उल्लेख कुराणात आहे असे सांगून दया करायला लावली. परत आल्यावर सामाजींनी नवस फेडला आणि १७९६ मध्ये मुंबईत आपली पहिली मशीद बांधली. पुढे तिला शाआर हारहमीम, दयेचे दार, हे नाव मिळाले. ही गोष्ट आपण देवाच्या कृपेची म्हणून सांगतो. पण जिच्या तोंडून ती कृपा आली ती शत्रूच्या घरची, परधर्माची एक बाई होती, आणि तिने लढाई चालू असताना आपल्या मुलाच्या मर्जीविरुद्ध तोंड उघडले होते. कोणी तिला ‘गप्प, गोळीबार चालू आहे’ म्हटले असते तर?

आणि विरोध म्हणजे द्रोह असे आपल्या समाजाने तरी म्हणू नये. १९५१-५२ साली आपल्यातील काहींनी अन्यायाविरुद्ध याच देशात धरणे धरले. १९६२ पासून आपल्या विवाहांविषयी शंका काढली गेली तेव्हा आपण जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसलो, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटला आपण सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचे जाहीर करावे लागले. त्या वेळीही म्हणणारे होतेच की देश संकटात आहे, चारी बाजूंनी शत्रू आहेत, घरचे भांडण चव्हाट्यावर आणू नका. आपण ऐकले नाही. बरे झाले. स्वतःच्या इज्जतीसाठी जो सत्याग्रह चालतो तो दुसऱ्याच्या लेकराच्या जिवासाठी का चालू नये?

विरोध करणे म्हणजे शिपायाला शिव्या देणे नव्हे. मिलुईमहून आलेल्या मुलाला पहिल्या रात्री प्रश्न विचारू नये. त्याला गरम पाणी द्यावे, वरणभात वाढावा, झोपू द्यावे. तो केव्हा तरी स्वतः बोलेल, आणि जे पाहिले ते सांगू लागेल तेव्हा ‘जाऊ दे रे, लढाईत असे व्हायचेच’ म्हणून त्याचे तोंड बंद करू नये. गेव्हांना जे दुर्बिणीतून दिसले ते कित्येकांना दिसले होते. त्यांना घरी ऐकणारे कोणी मिळाले नाही. १९८२ मध्येच काही राखीव शिपायांनी लेबनानात जाण्यास नकार देऊन तुरुंग पत्करला, त्यांच्या गटाचे नाव ‘येश ग्वूल’, मर्यादा आहे. त्यांच्या मार्गाविषयी आमच्यातच एकमत नाही, आणि ते लपवण्याचे कारण नाही. ज्याच्या जागी दुसऱ्याचा मुलगा पाठवला जातो, त्याच्या नकाराची किंमत तो दुसरा मोजतो, हा विचार आम्हांस सोडीत नाही. पण ‘मौनाविरुद्ध पालक’ म्हणून १९८३ मध्ये आईबापांनी जे आंदोलन केले त्याबद्दल आम्हांस शंका नाही. मुले सैन्यात, आणि आईबाप मंत्रालयाच्या दाराशी. दोघेही आपापल्या जागी.

बोलण्याची किंमतही पडते. १० फेब्रुवारी १९८३ रोजी जेरुसलेममध्ये काहान अहवालाची अंमलबजावणी करा म्हणून निघालेल्या मोर्चावर एका यहुद्याने हातबॉम्ब फेकला. त्यात एमिल ग्रुन्झवाइग मेले, वय पस्तीस. लेबनानात ते स्वतः छत्रीधारी सैनिक म्हणून लढून आले होते. तिथल्या बॉम्बने जे केले नाही ते घरच्या बॉम्बने केले.

बेगिन यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राजीनामा देत असल्याचे जाहीर केले. त्यांच्या घरासमोर माणसे फलक घेऊन उभी असत, त्यावर मेलेल्या आपल्या सैनिकांचा आकडा लिहिलेला असे आणि तो बदलत जाई. जून १९८५ पर्यंत तो साडेसहाशेवर गेला. मग सैन्य दक्षिणेच्या पट्ट्यात मागे आले आणि तिथे आणखी पंधरा वर्षे बसले. त्या पट्ट्यातून बाहेर पडण्याची मागणी ज्यांनी शेवटी देशाच्या गळी उतरवली, त्या कोणी सेनापती किंवा प्राध्यापक नव्हत्या. फेब्रुवारी १९९७ मध्ये लेबनानला निघालेली दोन हेलिकॉप्टरे एकमेकांवर आदळून ७३ सैनिक गेले, त्यानंतर चार आया एकत्र आल्या. त्यांना ‘अर्बा इमाहोत’, चार माता, असे नाव पडले. त्यांची मुले तिकडे पहाऱ्यावर होती. त्यांना सांगण्यात आले की तुम्हांला युद्धातले काय कळते, तुम्ही शत्रूला बळ देता, पोरे तिकडे असताना गप्प बसावे. त्या चौराहांवर फलक घेऊन उभ्या राहिल्या, कोणी गाडी थांबवून शिव्या दिल्या, कोणी थंड पाणी दिले. त्या गालिलच्याच होत्या, जिच्या शांतीसाठी म्हणून १९८२ मध्ये रणगाडे निघाले होते.